वाचायला हवं एकदा

सर,

वर 'सविनय' लिहून खोडलंय. विनय संपला.

काल तुमच्या निरोपसमारंभात परदेशी पाहुण्यांसमोर त्यांच्या भाषेत भाषण मीच ठोकलं. विभागात दुसरं कोणी तयारच नव्हतं. मग हातातला गुच्छ सावरत तुम्ही म्हणालात, "ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी. फार हुशार! विषय काय गं तुझा?"

सहा वर्षं मी प्रबंधाची प्रकरणं घेऊन तुमच्या केबिनबाहेरच्या बाकावर काढली. नोकरी सोडली. बाबांना प्रत्येक फोनवर "होत आलंय" सांगत राहिले. आणि तुम्ही एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत. "बघतो." "ठेवून जा." "जरा सवड मिळू दे."

विषय सांगितला मी, सगळ्यांना ऐकू जाईल असा. 'नाही' हा शब्द न उच्चारता माणसं नकार कसा देतात, त्यांच्या भाषेत आणि आपल्या.

तुम्ही मान डोलावलीत. "वा! वाचायला हवं एकदा."

परक्या भाषेतला नकार मी झटक्यात ओळखते, सर. तुमचा ओळखायला कालचा दिवस उजाडावा लागला.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं, तर तेही तुम्ही ठेवून घ्याल.

तुमची,
फार हुशार विद्यार्थिनी