एकवीस सुयांचं उद्यापन

मोरिवली, सोमवार दुपार

ती. बनूमावशीस,

तुझ्या भाचीचा, संजीवनीचा, वाकून नमस्कार. (वाकले नाही, कंबर धरली आहे; पण नमस्कार खरा आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? बदलापूर गावात पाणी वेळेवर येतं का? लोणच्याची बरणी पोचली, संपलीसुद्धा. मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, माझं डोकं फिरलं आहे. फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस आणि उरलेल्या वेळात मला उपास सांगतेस. म्हणून हे पत्र आमच्या दवाखान्यात औषधं देणाऱ्या महेंद्रच्या हातून पाठवते आहे.

तुझ्या आळीची माहेरवाशीण रखमाआजी तुला ठाऊकच आहे. तिची नात वैष्णवी, तेरा वर्षांची. दीड वर्षापूर्वी पोरीचा घसा दुखला, तो घरच्यांनी हळदीच्या गुळण्यांवर भागवला. तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरतो तोवर घोटा सुजला, आणि धाप लागायला लागली तेव्हा कुठे आमच्याकडे आणली. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. घशातल्या जंतूंमागून येणारा तो संधिवाताचा ताप होता, आणि त्याने हृदयाची एक झडप दुखावली होती. पुन्हा तसा ताप आला तर झडप आणखी बिघडणार. म्हणून दर एकवीस दिवसांनी आमच्याकडे पेनिसिलिनचं इंजेक्शन, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं. आणि इंजेक्शन असलं दुखतं की पोरगी दोन दिवस लंगडते. अशा सुईसाठी परत परत कोण येईल, सांग.

आली ना! एक खेप चुकली नाही. आणि त्याचं कारण (लिहिताना लाज वाटते) मीच. एकवीस दिवस म्हणजे नेमके तीन आठवडे, त्यामुळे दर वेळी मंगळवारच यायचा. मी सहज म्हटलं, आजी, हा नेम समजा, मोडायचा नाही. झालं! पुढच्या खेपेला पोरगी उपाशीपोटी आणली, ती सुई बघताच माझ्या अंगावर कोसळली. खायला घालून आणा म्हणून ओरडले, तर साबुदाण्याची खिचडी घालून आणली. मग औषधांच्या फ्रिजला हळदकुंकू लागलं. मी पुसायची, आजी लावायची. (डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गंज आहे म्हणून सांगितलं.) वैष्णवीला सहामाहीत बरे मार्क पडले, तर शेजारची बाई आपल्या मुलीचं, भावनाचं, लग्न जमावं म्हणून तिलाही एकवीस सुया द्या म्हणत बाकावर येऊन बसली. तिला उठवायला मला अर्धा तास लागला.

गेल्या महिन्यात एकविसावी सुई झाली आणि तिसऱ्या दिवशी आजीने मला घरी जेवायला बोलावलं. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांत आपल्या कामाची कुणाला तरी कदर वाटली. पाटाभोवती रांगोळी, पुरणपोळी, कटाची आमटी, ओटीत ब्लाउजपीस. मी बावळट, तीन पोळ्या हाणून ढेकर देत परत आले. ते उद्यापन होतं, मावशी! मागच्या मंगळवारी कुणी फिरकलं नाही. घरी गेले तर आजी म्हणते, “मॅडम, एकवीस झाल्या, नेम पुरा झाला. तुमीच जेवून गेल्या ना? आता परत टोचायचं म्हंजे देवाला खोटं पाडायचं.” मी कागदावर हृदय काढून झडप दाखवली. आजी म्हणाली, छान काढलंय. मुलगा कारखान्यात, सून उल्हासनगरला जीन्स शिवायला जाते. तिला फोन लावला, तर सासूबाई म्हणतील तसं. दुसऱ्यांदा गेले, चहा मिळाला. तिसऱ्यांदा गेले, कांदेपोहे मिळाले. पोरगी काही मिळाली नाही. मला फार भीती वाटते गं. एवढं करून हिचं हृदय माझ्या एका शब्दापायी बिघडलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?

बाकी इकडे विचारण्यासारखं काही नाही. गुडघ्यांना शेक घे.

तुझी,
संजीवनी

ता.क. तुझ्या व्रतवैकल्यांना मी जन्मभर नावं ठेवली, दिवाळीत तर सगळ्यांदेखत. ते शब्द मागे घेते. (सगळे नाही, लागतील तेवढे.) रखमाआजी ऐकते ती फक्त तुझं. उद्या अकरापर्यंत ये. खोटं काही बोलू नकोस, तिला एवढंच विचार: देवापुढे रोज दिवा लावतेस, त्याचं उद्यापन केलंस का कधी?

ता.क. २. जेवणाचं आमच्या डॉक्टरांना कळू देऊ नकोस. ब्लाउजपीस शिवायला टाकला आहे.

ता.क. ३. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात वैष्णवी शाळेतून एकटीच आली. “मॅडम, आजीचा नेम संपला. माझा नाय ना संपला?” म्हणाली आणि बाकावर बसली. कालपासून घसा दुखतोय म्हणते. डॉक्टर तो तपासतील, पण सुई द्यायला घरचं मोठं माणूस सोबत हवं. तो नियम भिंतीवर मीच चिकटवला आहे. तेव्हा उद्याचं राहू दे. महेंद्रला आत्ताच पिटाळते, त्याच्याच गाडीवर मागे बस आणि वाटेत आजीला घेऊन ये. तोवर पोरीला मी बसवून ठेवते.