‘लाईन’ या शब्दाचा खुलासा

मी, आकाराम ज्ञानू मोहिते, वय ६८, निवृत्त लाईनमन, राहणार कडेगाव, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, चहा पिऊन, चष्मा लावून स्वतः लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१) राहतं घर मुलगा जयराज यास. तो फौजेत आहे. फोनवर "आबा, लाईनीत हाय" म्हणतो, म्हणजे बराकीत. भरती झाला तेव्हा "पोरगं लाईनीला लागलं" म्हणून त्याच्या आईने, कै. राहीबाईने, गल्लीभर पेढे वाटले. मला मात्र म्हणायची, "तुमचं लगीन लाईनीशीच झालंय." खोटं नव्हतं.

२) पुतण्या वीरधवल यास काही नाही. बांधावरचा माझा आंबा तोडला, वर "लाईनीत येत व्हता" म्हणाला. कुठल्या लाईनीत, ते अजून सांगितलेलं नाही.

३) माझा कमरपट्टा, पक्कड, रबरी हातमोजे भंगारात घालावेत. कुणी वापरू नयेत.

४) विहिरीकडची वीस गुंठे जमीन श्रीमती मंगल नाथाजी घार्गे यांस. कारण लिहितो.

नाथाजी आणि मी वीस वर्षं जोडीनं काम केलं. मे २०११ मध्ये वळवानं तार तुटली. तो खांबापाशी, मी उपकेंद्रात. बोलता बोलता मोबाईलवरचा कॉल तुटला. मी परत लावला आणि म्हणालो, "नाथा, लाईन कट झाली व्हती रं." मी फोनचं बोललो, त्यानं विजेचं ऐकलं. "बरं गड्या," म्हणाला. मी स्विच पाडायला उठलो, तोवर तो चढला होता.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "लाईन बंद केल्याचं तुम्ही सांगितलं होतं?" मी "नाही" म्हणालो. पुढचं बोललो नाही. कागदावर ‘मयताचा हलगर्जीपणा’ असं आलं, खाली माझी सही. त्यामुळे मंगलवहिनींना नाथाच्या जागी नोकरी नाकारली. त्या अजून दुसऱ्याच्या उसात भांगलायला जातात. मला रडू येत नाही. जेवतो, झोपतो.

नाथाजीची चूक नव्हती. चूक माझी.

५) जयराज हे वाचून म्हणाला, "आबा, जमीन द्या, पण कारण कशाला लिव्हताय? नाव जाईल." वकील सुकुमार मगदूम म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच उघडतात. माझीही तीच सोय होती, हे कबूल करतो. पण माझ्या मरणाची वाट वहिनींनी का पाहावी? म्हणून आज सकाळी शेतात जाऊन कलम ४ त्यांना वाचून दाखवलं.

खुरपं हातातच होतं. म्हणाल्या, "आवं भावजी, जमिनीचं ऱ्हाऊ द्या. त्यांची चूक नव्हती, तेवढंच पुन्यांदा वाचा."

मी तीनदा वाचलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांनी कागद मागून घेतला आणि पदराला बांधला. ही दुसरी प्रत आहे.

सही: आकाराम ज्ञानू मोहिते
साक्षीदार: लालासाहेब यादव, डॉ. दीपाली चौगुले
कडेगाव, जि. सांगली. १२ फेब्रुवारी २०२५