बायोडाटातला एक शब्द

प्रिय गरिमा,

आजीचं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण ते तर तुझ्या जन्माआधीपासून.

गेल्या मंगळवारी शालिनीताई आल्या होत्या. लग्नं जुळवता जुळवता त्यांची अर्धी मराठी हिंदीत वाहून गेलीय. तुझा बायोडाटा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, बाकी सब ठीक है, पण स्वभावाच्या खाली मुलीने हे पेन्सिव्ह काय लिहिलंय? मुलाच्या आईने मोबाइलवर अर्थ बघितला तर उदास निघाला. आता ती विचारतेय, लड़की को कुछ है क्या. त्यांना ‘हसतमुख, मिळून मिसळून राहणारी’ असा नवा कागद हवाय. मी म्हटलं, हसतमुख तर फोटोग्राफरकडे सगळेच असतात.

मला इंग्रजी येत नाही, चौथीत शाळा सुटली. पण घरातल्या मुलीला लोक काय म्हणतायत ते कळायला हवं, म्हणून कागद घेऊन शेजारच्या माधवरावांकडे गेले. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, त्यांनी जाडा कोश काढला. म्हणाले, हा शब्द माणसाला लावतात, चेहऱ्याला, मनाच्या अवस्थेला. खोल विचारात गढलेला, असा अर्थ. त्यात उदासीची एक छटा असते, पण उदास म्हणजे हा शब्द नव्हे. रडणाऱ्याला कोणी पेन्सिव्ह म्हणत नाही. आणि आपण विचारी म्हणतो तेही नाही, कारण विचारी माणूस चारचौघांत बसून दुसऱ्याचा विचार करतो. हा मात्र तेवढ्या वेळापुरता स्वतःच्या आत गेलेला असतो. मूळ शब्द म्हणे तोलण्यावरून आलाय. ते मला लगेच पटलं. आपल्या इथल्या दाल बाजारात, धान्याच्या पेढ्यांवर, जुने तराजू होते तेव्हा काटा थांबेपर्यंत तोलणारा तोंड उघडायचा नाही, आणि त्याला आजारी आहेस का असं कोणी विचारायचं नाही.

तुझे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा तू कॉलेजात होतीस. तुझा बाप ऑपरेशन करा म्हणत होता, काका दिल्लीला न्या म्हणत होते, आणि मी दोघांवर ओरडत होते. तू खिडकीशी बसून होतीस, तासभर. तुझी आई मला म्हणाली, हिला काही वाटतच नाही बघा. मग तू उठून एवढंच विचारलंस की आजोबांना विचारलं का कोणी. कोणीच विचारलं नव्हतं. त्यांना घरी यायचं होतं. घरी आले, चार महिने आपल्या पलंगावर झोपले, रोज माझ्या वरणाला नावं ठेवली आणि गेले. हसतमुख मुलीने त्या दिवशी सगळ्यांना चहा आणून दिला असता.

आणखी एक सांगते, तुझ्या बापालाही माहीत नाही. मी सतरा वर्षांची या घरात आले तेव्हा फार कमी बोलायचे. भांडी घासताना हात थांबायचा आणि मी कुठे तरी बघत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, घुमी आहे, घुम्या बाईच्या पोटात काय चाललंय कळत नाही. पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. मग मी बोलायला लागले. इतकी बोलले की नंतर त्याच म्हणायला लागल्या, हिच्या तोंडाला कुलूप लावा. माझी ही जीभ लोकांना वाटते तशी जन्माची नाही, ती मी या घरात कमावलीय. फक्त तेव्हा हात थांबायचा तो कसल्या विचाराने, हे आता मलाही आठवत नाही. कोणी विचारलंच नाही, मग ते गेलं ते गेलंच. त्याचं मी रडगाणं गात नाही, पण तुझ्या बाबतीत ते होऊ देणार नाही.

तर आता खरं सांगते. हे पत्र तुझ्या बापाने, संग्रामने, लिहायला लावलंय. फोनवर तू ‘बघते, बाबा’ म्हणून ठेवून देतेस, आणि आजीचं ऐकतेस असा त्याचा समज आहे. तो शब्द काढून नवा कागद पाठव, नाही तर मुलाकडचे घरी यायला तयार नाहीत, हे मी तुला समजवायचंय. पेन, कागद, पाकीट सगळं त्याने आणून दिलं. आत्ता बाहेरच्या खोलीत बसून दोनदा विचारून झालं, लिहिलं का आई. हो, लिहिलं. तुला स्वतःला तो शब्द चुकीचा वाटला तर खुशाल खोड, पण त्या बाईला भीती वाटते म्हणून खोडू नकोस. नवा कागद आला नाही की संग्राम माझ्यावर चिडेल, तर चिडू दे. त्याला मी सांभाळते. आणि मुलाकडचे नाही आले तर त्या दिवशीचे पोहे आम्ही मायलेक खाऊ.

तुझीच, कोणाचंही न ऐकणारी
आजी