फाल्गुनातल्या गारांबद्दल माझे शेवटचे म्हणणे

मी, श्रीपाद अनंत खांबेटे, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी शाळामास्तर, हल्ली घरीच, राहणार लोणावळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी छाती फार दिवस साथ देणार नाही असे डॉक्टरांचे मत आहे आणि मलाही पायऱ्या चढताना तेच वाटते. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. पूर्वीचा असा एखादा कागद कोणाकडे निघाल्यास तो रद्द समजावा.

१. राहते घर आवारासह माझे स्वकष्टार्जित आहे. माझ्यामागे ते माझी पत्नी सौ. इंदिरा हिच्याकडे तहहयात राहावे व तिच्यामागे चि. अनंत याच्याकडे जावे. आईला मुंबईस नेऊन ठेवण्याचा अनंताचा विचार आहे. विचार चांगला आहे, पण तिला विचारल्याशिवाय अमलात आणू नये. पोस्टातील शिल्लक सर्वस्वी इंदिरेची.

२. घराच्या पूर्वेस मोकळे अंगण आहे. तेथील पर्जन्यमापक आणि उष्णतामापकांची पांढरी पेटी सरकारी असल्याने ती मी कोणास देऊ शकत नाही. जमीन मात्र माझी आहे. इंदिरा हयात असेपर्यंत त्या जमिनीवर खोली, भिंत किंवा झाड उभे करू नये. अनंत मला म्हणाला, "नाना, उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या काढल्या तर आईला आधार होईल." त्याचे चुकीचे नाही. पण भिंतीच्या आडोशाला पाऊस खरा मोजला जात नाही. शेजारच्या बंगलेवाल्यांनी कुंपणाला निलगिरीची रांग लावून आधीच पश्चिमेचा वारा अडवला आहे. झाडे छाटण्याबद्दल मी तीनदा विनवले. आता माझ्यामागे त्यांनी छाटली तरी मला त्याचा उपयोग नाही, एवढे त्यांना कळवावे.

रोज सकाळी आठ वाजता आदल्या दिवसाचा पाऊस आणि हवेची उष्णता पाहून पुण्याच्या कचेरीकडे कळवणे हे काम मी शाळेत मास्तर असल्यापासून पत्करले. गावातल्या पुष्कळांना वाटे की मास्तर उद्याचे सांगतात. मी होऊन गेलेले लिहितो. उद्याचे मला कधीच कळले नाही.

३. आता जे लिहितो ते मिळकतीबद्दल नाही. वकील म्हणाले, हे वगळले तरी चालेल. मी वगळत नाही.

माझी मुलगी चंद्रिका जन्मली तेव्हा इंदिरा बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. तिकोणा पेठेच्या महिपती भिमाजी मोहोळ यांची पत्नी रतनबाई हिने चंद्रिकेला अंगावर पाजून वाढवले. पुढे चंद्रिका मुलींच्या शाळेत शिकवू लागली तरी दर फाल्गुनात, गहू निघाला की, चार दिवस रतनबाईकडे जाई. सन १९३४ च्या मार्चात ती अशीच गेली होती. परतताना महिपती तिला बैलगाडीने कामशेत स्टेशनावर पोचवायला निघाला. सकाळी आभाळ कोरे होते. सगळीकडे पांगारा फुललेला, डोंगरावर वणव्याचा धूर. त्या महिन्यात आमच्याकडे पाऊस नसतोच म्हटले तरी चालेल. दुपारी एकाएकी अंधारून आले आणि गारा पडू लागल्या. खिंडीच्या उतारावर बैल बिथरले, जू मोडले, गाडी उलटली. चंद्रिका गाडीखाली सापडली. महिपतीचा उजवा हात कोपरात मोडला. तशा हाताने त्याने गाडी उचलून धरली, पण ती वाचली नाही.

पंचनामा होऊन तिला घरी आणेपर्यंत रात्र झाली, म्हणून अंत्यविधी सकाळवर गेला. सकाळी मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि मला उठता येईना. इंदिरेने त्या यंत्रांना कधी हात लावला नव्हता. तिला त्यांचा रागच होता. ती उठली, अंगणात गेली, पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या मापात ओतून डोळ्यांसमोर धरले. तिचे बंधू वामनराव म्हणाले, "ताई, आज राहू दे."

ती म्हणाली, "आज राहू दिलं, तर तो पडलाच नाही असं होईल." मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "एक इंच अठ्ठावीस. लिहा."

मी लिहिले. पुढे कचेरीने विचारले की मार्चात एवढा आकडा कसा, काही चूक तर नाही? चूक नाही असे मी कळवले. त्या दिवसापासून आजतागायत माप इंदिराच पाहते. मी फक्त लिहितो.

वामनरावांनी महिपतीवर फिर्याद गुदरली. मी पोलिसांना सांगितले की यात त्याचा दोष नाही, आणि फिर्याद टिकली नाही. पण इंदिरेने बजावले, "त्याला माझ्या दारात उभा करू नका." महिपती आला नाही.

४. गेल्या वर्षी पुण्याहून पावसाच्या सरासरीचे छापील तक्ते आले. इंदिरेने ते मागून घेतले आणि लोणावळ्याच्या मार्चावर बोट ठेवले. अगदी थोडके सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, होते.

"तो दिवस यात कुठे आहे?" तिने विचारले.

मी सांगितले, इतक्या वर्षांच्या मार्चातला सगळा पाऊस एकत्र करतात आणि वर्षांच्या संख्येने भागतात.

"म्हणजे त्या दिवसाचा पाऊस सगळ्या वर्षांना थोडा थोडा वाटून दिला." तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "महिपतीला निरोप धाडा. तो एकटाच तो दिवस धरून बसला असेल."

महिपती आला तो फाटकाबाहेरच उभा राहिला. हात वाकडाच बसला आहे. इंदिरा स्वतः फाटकापर्यंत गेली.

"आत ये. रतनबाईला का नाही आणलंस?"

"वैनी, ती न्हाई आता. लय दिस झालं. पोरीच्या मागं दोन साल काढली तिनं."

"मला कळवलं नाहीस?"

"कुटं कळवू? हितं येऊ नगं म्हणला व्हता तुमी."

इंदिरेने फाटक उघडले आणि त्याचा वाकडा हात धरून त्याला ओसरीवर आणले. मी चहा केला. तो कोणी घेतला नाही.

५. सबब मी जाहीर करतो की माझ्या मुलीच्या मृत्यूचा दोष महिपती भिमाजी मोहोळ याजकडे नाही, पूर्वीही नव्हता. माझ्या वारसांपैकी वा आप्तांपैकी कोणीही, कोणत्याही प्रसंगी, तो त्याच्यावर ठेवू नये. या घरी त्याला केव्हाही यायची मुभा आहे. वामनरावांची चांदीच्या मुठीची काठी तेव्हापासून आमच्याकडे पडून आहे. ती त्यांना पोचती करावी आणि सोबत या कलमाची नक्कल द्यावी.

महिपतीला खिलारी बैलजोडी घेऊन देण्याची माझी इच्छा होती. तो म्हणाला, "मास्तर, मला काय नगं. साक्षीला अंगठा पायजे तर मागा." साक्षीदाराला काही देऊ नये असा वकिलांचा सल्ला पडला, म्हणून त्याच्या नावे मी काही ठेवलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला व बरोबर आहे म्हणून खाली सही केली.

मुक्काम लोणावळे, फाल्गुन वद्य, शके १८६३, तारीख ९ मार्च १९४२. आभाळ निरभ्र.

श्रीपाद अनंत खांबेटे, सही दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. धोंडो बापूजी गुर्जर, निवृत्त स्टेशनमास्तर, राहणार लोणावळे. सही.
२. महिपती भिमाजी मोहोळ, शेतकरी, राहणार तिकोणा पेठ. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

दस्तलेखकाचा शेरा: साक्षीदार नंबर दोन यांस लिहिता-वाचता येत नसल्याने सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी पाचवे कलम पुन्हा वाचावयास सांगितले. ते सौ. इंदिराबाईंनी कागद हाती घेऊन स्वतः वाचून दाखवले. त्यानंतर अंगठा घेतला.