मोठं पाकीट आणि माझे चार सेकंद

मोहाडी

आदरणीय संघपालभाऊ यांना प्रविणचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही बरे आहोत (म्हणजे मी एकटाच, पण घर फार मोठं वाटतं म्हणून ‘आम्ही’ लिहिलं). आईंचा गुडघा कसा आहे? शुभांगी माहेरी तुमसरला तुमच्याकडे येऊन बारा दिवस झाले. तो विषय मी या पत्रात काढणार नाही.

विषय आमच्या धान खरेदी केंद्रातल्या इंटरनेटचा आहे. नोंदणी संपायला दोन दिवस उरलेले, दारात रांग, आणि शेतकऱ्याचं नाव-गाव चटकन जायचं, पण सातबाऱ्याचा फोटो काही केल्या जाईना. भंडाऱ्याच्या भुपेंद्रला फोन लावला (इंजिनियर आहे, पण माणूस बरा). तो म्हणाला, पिंग करून पाहा. पिंग म्हणजे पलीकडच्या मशीनला ‘आहेस का?’ म्हणून हाक मारायची आणि ओ यायची वाट बघायची. माहितीचं लहान पाकीट पाठवलं, लगेच ओ आली. मोठं पाठवलं, तर पडद्यावर ‘वेळ संपली’. दहादा तेच. मी वायर बदलली, राउटर कपाटावर चढवला, तिथून उतरवून खिडकीला बांधला आणि शेवटी लाइन मेली असं जाहीर करून फळ्यावर ‘केंद्र बंद’ लिहून मोकळा झालो. (माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.)

रांगेत पहिला म्हातारा मंगरू. तो जागचा हलेना. “भरल्या बैलबंडीले वेळ लागते ना गा! रिकाम्या बंडीवानी कशी धावंल ते? काहून एवढी घाई करून राहिला?” मी चिडलो, पण फोनवरचा भुपेंद्र हसायला लागला. पिंग म्हणे चारच सेकंद थांबते, ओ त्यानंतर आली तर धरतच नाही. मुदत दहा सेकंद केली. मोठं पाकीट सहाव्या सेकंदाला परत! लाइन जिवंत होती, नुसती हळू होती. सातबाराही दर वेळी मीच अर्ध्यात रद्द करत होतो. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, तेव्हा कुठे मंगरूचा गेला. मला फार लाज वाटली, भाऊ.

आईंना जयभीम सांगा.

तुमचा,
प्रविण

ता.क. : भंडाऱ्याला नर्सिंगचा कोर्स करशील का, असं मी शुभांगीला विचारलं होतं. ती भाजी चिरता चिरता विचार करत होती. मी चार सेकंद थांबलो असेन. मग ‘म्हणजे नाहीच’ म्हणून फॉर्म परत देऊन आलो. (तिने बॅग भरली ती यावरून. तुम्हाला मी कारण वेगळं सांगितलं होतं.) नवा फॉर्म सोबत जोडला आहे. तिला तुम्ही विचारा. सावकाश सांगू दे. मी थांबेन.

ता.क. २ : पत्र अजून माझ्या खिशातच आहे, तरी ती काय म्हणाली ते विचारायला आत्ता तुम्हाला तीनदा फोन लावला. चौथ्यांदा लावला तर कृपा करून उचलू नका.