सिरपूरचे अकरा रोहित

८ जानेवारी १९५३

सायकलला कुलूप! किल्ली दादांच्या कोटात. काल चौकात थोडी हाथापाई झाली, बस्स. दादा वडील कमी, फौजीच जास्त; मनाने अजून होळकरांच्या फौजेतच आहेत — महिनाभर घराबाहेर पाय ठेवायचा नाही म्हणे.

आणि सिरपूर तालाब? परीक्षेत सुपरवायझरवर दौत फेकून मी कॉलेज सोडलं, कबूल. पण कृष्णराव सर म्हणालेत, हिवाळाभर तालाबावरचे पाहुणे पक्षी मोज, दर रविवारी यादी दे, तुला परत घ्यायचं प्रिन्सिपॉलशी मी बोलतो. "एक आकडा खोटा निघाला तर माझ्या घरी पाऊल टाकायचं नाही." त्या घरात त्यांची मुलगी सुमेधा आहे. म्हणून तर मोजतोय!

१० जानेवारी

खिडकीतून — कबुतरं तीन.

११ जानेवारी, रविवार

शेवटी घरी बसूनच यादी लिहिली. चक्रवाक बावीस, थापट्या बदकं चाळीस — मागल्याच रविवारचे आकडे, जरा इकडेतिकडे करून. आणि खाली, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, अकरा! सुमेधाने लहानपणी जामनगरला समुद्रकाठी पाहिले होते. इथे का येत नाहीत, म्हणून हळहळायची. हात आवरला नाही. यादी घेऊन लीला गेलीसुद्धा. बहीण असून एका शब्दाने अडवलं नाही.

१२ जानेवारी

यादी वाचून सर खुर्चीतून उठलेच म्हणे. खाऱ्या पाण्याचा पक्षी इंदुरात! रविवारी स्वतः येणार, सुमेधालाही आणणार. दादांना तशी चिठ्ठी आली. दादा खूश. किल्ली दिली, वर आपली फौजी दुर्बीण गळ्यात घातली, इंदुरी थाटात म्हणाले — "जा भिया, प्रोफेसर बोलावतायत!"

सुटलो. आणि पुरता अडकलो.

१५ जानेवारी

चार चकरा मारल्या. रोहिताचं एक पीस नाही. मासे धरणारा म्हातारा हसला — "लंबी टांगवाले गुलाबी? इधर कब आए, बाबूजी?" दोनदा सरांच्या फाटकापर्यंत गेलो. खरं सांगायला. दोनदा परतलो.

१८ जानेवारी, रविवार

तालाबाच्या पाळीवर आम्ही तिघे. सर तासभर त्यांची दुर्बीण फिरवत होते. बदकं, नुसती बदकं. मग माझ्याकडे वळले. "सर, मी..." म्हणालो, तोच सुमेधाने माझ्या गळ्यातली दुर्बीण ओढून डोळ्यांना लावली. मान जवळजवळ तिच्या खांद्याला टेकली माझी.

"ते काय बाबा, उडाले. अकराच आहेत."

समोर नुसतं पाणी. सरांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

१९ जानेवारी

सरांची चिठ्ठी —

"तुझ्या दुर्बिणीची चामडी झाकणं काल शेवटपर्यंत बंद होती, तरी सुमेधाला अकराच दिसले. संध्याकाळी घरी ये. वडिलांना घेऊन."