तू माझं लिही, मी तुझं

सोम., २ डिसें.
एम.एस.च्या अर्जाला प्रोजेक्टच्या सरांचं शिफारसपत्र लागतं. मी नि माझी प्रोजेक्ट-पार्टनर सायली, दोघी गेलो. सर मोबाइलमधून मान वर न करता, "तुम्हीच लिहून पाठवा गं, मी अपलोड करतो. शुक्रवार शेवटचा." झालं! घरी आई म्हणते, "आपला कौतुक आपणच लिवचा? ह्या खयचा शिक्षण!"

मंगळ., ३
"मेघा अत्यंत हुशार..." खोडलं. "मेहनती..." खोडलं. शी! स्वतःबद्दल लिहवतच नाही. दहिसरहून सायलीचा फोन, तिचीही तीच बोंब. ठरलं, ती माझं लिहिणार, मी तिचं. वर म्हणते, "मस्का भरपूर लाव हां."

बुध., ४
तिचं भराभर झालं, एका वाक्यापाशी अडलं. प्रोजेक्टचा कोड कोणी लिहिला? सगळा तिने. मी रिपोर्ट, स्लाइड्स, व्हायव्हात बडबड. सरांना वाटतं अर्धा-अर्धा. खरं लिहावं तर त्याच युनिव्हर्सिटीला माझाही अर्ज, माझी वाट लागली. न लिहावं तर तिच्या पत्रात उरतं काय? दिवसभर येरझारा. दूध उतू गेलं, बाबा ओरडले.
लिहिलं. "संपूर्ण कोड सायलीचा." लगेच सरांना पाठवलं, नाहीतर खोडलं असतं.

गुरु., ५
सायलीने माझं पत्र आधी सरांना पाठवलं, मग मला. "अर्ध्याहून जास्त कोड मेघाचा."
फोन केला. "अगं बये, हे काय?"
"मग काय, स्लाइड्स छान करते लिहू? कॉम्प्युटर सायन्स आहे ते. कोण घेईल तुला?"
मी तिच्या पत्रात काय लिहिलंय ते सांगितलं. मग, "वेडी आहेस का तू?" चिडली की रडत होती, कळलं नाही. मला मात्र रडू आलं.

शुक्र., ६
सरांनी बोलावलं. वाचतात म्हणजे! "सही माझी एकच. यातलं खरं कुठलं?"
सायली, "माझ्याबद्दल मेघाने फेकलंय, सर."
"मी नाही फेकलं. हिने फेकलंय."
सर हसले नाहीत. "जा. मीच लिहितो."
दुपारी दोघींना युनिव्हर्सिटीचा मेल, पत्र पोहोचलं. आत काय आहे ते अर्जदाराला दाखवत नाहीत.
संध्याकाळी फोन. "तुझं चांगलंच लिहिलं असेल गं," सायली म्हणाली.
"आणि एकीलाच घेतलं तर?"
"फोन ठेव आता."
पण तिनेही ठेवला नाही, मीही नाही.